क्लचची केबल तुटली, गाडी घरी न्यावी का?

प्रश्न: पेडल एकदम जमिनीला टेकलं, वर येतच नाही. इंजिन, ब्रेक ठणठणीत. घर जवळ आहे, वाटेत चढ नाही. क्लचशिवाय नेता येईल का?

उत्तर १: येईल. मी नेली आहे. इंजिन बंद, पहिला गिअर टाका, समोर मोकळं बघून चावी फिरवा. गाडी हिसका देत निघते. दुसऱ्यासाठी ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रल करा, आरपीएम (इंजिनचे फेरे) उतरू द्या आणि दांडा दोन बोटांनी हलका रेटत राहा. वेग जुळला की गिअर लोण्यासारखा आत जातो. करकरला तर सोडा, पुन्हा बघा. जोर अजिबात नको. मग दुसऱ्यातच घर गाठा. थांबायचं तर आधी न्यूट्रल, मग ब्रेक.

उत्तर २: काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत, आधी ते बघा.

उत्तर १: बरोबर. आणि केबलऐवजी हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर ऑइलची डबी उघडून बघाच. पुष्कळ गाड्यांत ती ब्रेकशी सामाईक असते. पातळी उतरली असेल तर कळकळीने सांगतो, टोइंगच बोलवा.

प्रश्नकर्ता: केबलच आहे. रहदारी ओसरली की निघतो.