इसवणाचा भाव आणि मुंबईकर

गोवेकरांचा मुंबईवरचा राग म्हणजे निव्वळ न्यूनगंड, असं काही जण म्हणतात. मला ते काही पटलं नाही. आमचं घर गोव्यातलं, पण मराठी. आजोबांनी १९६७च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणून फुलावर शिक्का मारला होता. दोन पानं, म्हणजे वेगळ्या गोव्याची बाजू, ३४ हजार मतांनी जिंकली तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत म्हणे. पण त्याच आजोबांना कुणी ‘मुंबईचे का?’ विचारलं की राग यायचा!

मुंबईचे उपकार विसरलेलो नाही. तिथल्या धोबी तलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहांत, गावागावातले खलाशी बोट मिळेपर्यंत राहायचे, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात तर गोव्याचे वादक भरलेले. पण तेव्हा आम्ही तिकडे पाहुणे होतो आणि पाहुण्यासारखे राहिलो. आता मुंबईकर इथे शनिवार-रविवारपुरता बंगला घेतो आणि शेजारच्या देवळातल्या घंटेची तक्रार करतो.

परवा म्हापशाच्या बाजारात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव विचारला. मासे विकणाऱ्या बाईंनी आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग भाव सांगितला. कोकणीत घासाघीस सुरू केल्यावर दोनशे रुपये उतरले. ‘आदीं सांगपाचें न्ही, म्हाका मुंबयकार दिसलो,’ म्हणाल्या. म्हणजे, आधी सांगायचं ना, मला मुंबईकर वाटला!