मदत हवी आहे: एचआयव्ही कंट्रोलमध्ये, पण सीडी८ (संसर्गाशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खाली का येत नाही?

माझ्या मोठ्या भावासाठी विचारतेय. दादा बरीच वर्षं एआरटीवर (एचआयव्हीची औषधं) आहे, आता टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एक गोळी रात्री, चुकवत नाही कधीच. व्हायरल लोड सापडत नाही, सीडी४ (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या पांढऱ्या पेशी) ६१० झालाय, पण सीडी८ १४०० च्या वर आणि सीडी४ भागिले सीडी८ हा रेशो ०.४३, जो खरं तर १ च्या आसपास पाहिजे. त्यात गेल्या महिन्यात नागीण झाली, उजव्या बरगडीखाली पट्टाच्या पट्टा फोड, शर्टाचं कापड लागलं तरी कळवळायचा, फोड सुकले पण आग अजून आहे.

डॉक्टरांनी सीएमव्ही आयजीजी केली (सायटोमेगॅलोव्हायरसची लागण कधी झाली होती का ते बघणारी रक्ततपासणी), पॉझिटिव्ह. ते म्हणाले हा व्हायरस बहुतेकांच्या अंगात लपून असतो, आणि एचआयव्ही दबलेला असला तरी शरीर सीएमव्हीसाठी सीडी८ पेशी तयार ठेवतच राहतं म्हणून रेशो सुधारत नाही आणि आतली सूज पण राहते. ओपीडीत एवढी गर्दी की पुढचं विचारताच आलं नाही.

तर इथे कोणी एआरटी सेंटरमधले डॉक्टर, समुपदेशक किंवा स्वतः औषधं घेणारे असतील तर सांगा ना, सीएमव्हीवर नुसत्या रेशोसाठी औषध देतात का? मी वाचलं की व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या सीएमव्हीच्या औषधाने सीडी८ ची धावपळ कमी झाली होती पण ते रक्तपेशी कमी करतं, म्हणून भीती वाटते. आणि नागिणीची शिंग्रिक्स लस, ती जिवंत लस नाही म्हणे, मग फोड गेल्यावर किती दिवसांनी घ्यायची? इथे कोणी घेतलीय का, दोन डोसांना किती खर्च आला? आतल्या सुजेमुळे हृदयाच्या तपासण्या पण आत्ताच करून घ्याव्यात का? दादा ५२ चा आहे, शुगर नाही.