युजेबिलिटी : वापरसुलभता, वापरयोग्यता की आणखी काही?

प्रश्न
ग्रामपंचायतींच्या घरपट्टी-पाणीपट्टीच्या सॉफ्टवेअरची कागदपत्रं मराठीत तयार करतेय. 'युजेबिलिटी'ला एका मसुद्यात 'उपयुक्तता' आहे, दुसऱ्यात 'वापरसुलभता', तिसऱ्यात 'वापरयोग्यता'. एकच शब्द ठरवायचाय. 'डिझाइन'लाही काही सुचवा. टीममध्ये ते काम कायम शेवटच्या आठवड्यात ढकललं जातं, म्हणून नेमकं काय म्हणायचंय ते कागदावर स्पष्ट हवंय.

प्रतिसाद
'उपयुक्तता' आधी काढा. पावती निघते म्हणजे सॉफ्टवेअर उपयुक्त आहेच. पण एका पावतीसाठी कर्मचाऱ्याला तीन स्क्रीन मागे-पुढे करावे लागत असतील, तर ती तक्रार या शब्दात मावत नाही.

'वापरसुलभता' बरीच रुळली आहे, पण ती अर्थ तोकडा करते. आयएसओ ९२४१-११ या युजेबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकात (१९९८, सुधारित २०१८) तीन गोष्टी मोजायला सांगितल्या आहेत: परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. त्याही ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरून. नुसतं 'सोपं आहे' म्हणून भागत नाही. कोणाला आणि कशासाठी, हे आधी लिहावं लागतं. शिवाय ॲक्सेसिबिलिटीलाही (अपंगांनाही वापरता येण्याला) बरेच जण 'सुलभता' म्हणतात, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही आले की गोंधळ. तिथे 'सुगम्यता' वापरा. २०१५च्या सुगम्य भारत अभियानापासून तो शब्द सरकारी कागदांत आहेच.

माझं मत 'वापरयोग्यते'ला. पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे तपासून ठरतं, कुणाला काय वाटतं त्यावरून नाही. तो भाव या शब्दात येतो.

प्रतिसाद
'डिझाइन'बद्दल. जलसंपदा खात्यात याला 'संकल्पचित्र' म्हणतात. नाशिकला मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे. धरणाचं संकल्पचित्र बांधकामाआधी होतं, त्यात कुणाला शंका नसते. सॉफ्टवेअरवाले 'डिझाइन' म्हणतात तेव्हा मात्र पुष्कळदा रंग, आयकॉन आणि फॉन्ट एवढंच डोक्यात असतं, आणि मग ते काम कोड लिहून झाल्यावर येणारच. 'संकल्पचित्र' स्क्रीनसाठी जड वाटेल, मान्य. बोलताना 'डिझाइन'च म्हणा, पण कागदावर दोन कामं वेगळी लिहा: 'कामाची मांडणी' आणि 'दृश्यरूप'. पहिलं काम स्प्रिंट (काही आठवड्यांचा ठरावीक कामाचा टप्पा) सुरू होण्याआधी, दुसरं कोडच्या बरोबरीने.

प्रतिसाद
वरच्या दोघांशी सहमत, पण खरी अडचण तिकिटाच्या, म्हणजे तक्रार नोंदवण्याच्या, पातळीवर आहे. बगझिलासारख्या, सॉफ्टवेअरमधले दोष (बग) नोंदवायच्या प्रणालीत गांभीर्याच्या पायऱ्यांत सगळ्यात खाली 'एन्हान्समेंट' (सुधारणा) असते. 'बटण सापडत नाही' अशी तक्रार बहुतेक वेळा तिथे जाऊन पडते, कारण प्रोग्राम तर बंद पडलेला नसतो! मग ती 'सूचना' ठरते, आणि सूचनेला मुदत नसते. म्हणून मी तिला 'वापरदोष' म्हणतो. दोष म्हटलं की त्याला गांभीर्य लावावं लागतं, कुणाच्या तरी नावावर टाकावं लागतं.

नोम या लिनक्सवरच्या मुक्त डेस्कटॉपच्या मंडळींनी हे करून दाखवलंय. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीने २००१ साली नोमची वापरचाचणी घेतली, म्हणजे लोकांना तो वापरायला देऊन ते कुठे अडतात ते पाहिलं. २००२मध्ये इंटरफेससाठी (पडद्यावरच्या बटणं-मेनूंसाठी) लेखी नियमावली आली आणि त्याच वर्षीच्या नोम २मध्ये सेटिंगांची गर्दीही कमी झाली. त्या नियमावलीतला मला सगळ्यात आवडणारा नियम: बटणावर क्रियापद लिहा. 'बदल जतन न करता बंद करायचं?' याखाली 'होय' आणि 'नाही' असेल तर घाईत माणूस हमखास अडखळतो. 'नाही' म्हणजे बंद करू नको, की जतन करू नको? त्याऐवजी 'जतन करा', 'जतन न करता बंद करा', 'रद्द करा'. प्रश्न न वाचताही बरोबर बटण दाबता येतं. हा बदल एका दुपारचा आहे, पण त्याला 'सूचना' म्हटलं तर वर्षभर पडून राहील.

प्रश्नकर्ती
'वापरदोष' आजच बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) घेते, आणि 'वापरयोग्यता' पक्की. एक राहिलं: 'युजर टेस्टिंग'ला मसुद्यात 'वापरकर्त्याची चाचणी' लिहिलंय. ते चालेल?

प्रतिसाद
नको. त्यातून त्या माणसाची परीक्षा आहे असा अर्थ निघतो. पंचायतीतल्या कर्मचाऱ्याला तसं निमंत्रण गेलं तर तो बिचकेल, चुकलेलं लपवेल, आणि आपल्याला तर नेमकं तो कुठे चुकतो तेच पाहायचंय. वर आलेलाच शब्द घ्या, 'वापरचाचणी'. समोर बसवल्यावर पहिलंच वाक्य असं असू द्या: 'आम्ही सॉफ्टवेअर तपासतोय, तुम्हाला नाही.'

आणि त्यासाठी मोठा घाट घालू नका. वापरयोग्यतेचे तज्ज्ञ याकोब निल्सन यांनी २०००मध्ये मांडलं होतं की एका फेरीला पाच माणसं पुरतात, फेऱ्या मात्र पुन्हापुन्हा व्हाव्यात. स्प्रिंटच्या आराखड्यातच 'वापरचाचणी, ५ जण' अशी ओळ घाला आणि निघालेले वापरदोष पुढच्या स्प्रिंटच्या यादीत बगांच्या शेजारी लावा.