ठाणे खाडी: गाळाखालची 60 सेंमीची पायरी भ्रंश समजावी का?

ऐरोली_सर्व्हे
ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात तळाखाली सक्रिय भ्रंश (अजूनही सरकणारी खडकातली भेग) आहे का, हे तपासायचं आहे. पनवेल फ्लेक्शर (खडकाचे थर वाकलेला पट्टा) जवळ असल्यामुळे प्रश्न गंभीर आहे. चर्प (आवाजाने तळाखालचे थर दाखवणारं यंत्र) 2 ते 16 किलोहर्ट्झ, होडीचा वेग 4 नॉट. पाणी 5 मीटर असताना तळाखाली 5 मीटरच्या पुढे काहीच वाचता येत नाही. होडीच्या एका ओळीवर तळाखाली साडेतीन मीटरवर 60 सेंमीची पायरी दिसते. बूमर (जास्त खोल जाणारा, खालच्या सुराचा आवाज सोडणारं यंत्र) आणावा का?

गाळवाचक
पाणी 5 मीटर आणि चित्र बिघडतं तेही तळाखाली 5 मीटरवर, म्हणजे पहिला संशय दुहेरी प्रतिध्वनीचा. आवाज तळ, पृष्ठभाग, पुन्हा तळ असा फिरतो आणि दुप्पट खोलीवर खोटा तळ उमटतो. तीच ओळ पाणी 3 मीटर असताना पुन्हा घ्या. बिघाड तळाखाली 3 मीटरवर सरकला तर प्रतिध्वनीच. जागचा हलला नाही तर गाळात मिथेन आहे, आणि तिथे बूमरही आंधळाच. बुडबुडे आवाज विखुरून टाकतात. वायू सहसा तुकड्यातुकड्यांत असतो, मधल्या फटी शोधा. मुख्य ओळी उधाणाच्या भरतीच्या आसपासच घ्या, म्हणजे खोटा तळ जास्तीत जास्त खाली जातो आणि किनाऱ्याजवळच्या चिखलावरही होडी चालते.

काळा_पाषाण
एका ओळीवर भ्रंश ठरवू नका. फ्लेक्शर साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणून ओळी खाडीला आडव्या, 50 मीटर अंतराने, आणि दोन-तीन उभ्या ओळी जुळणीसाठी. बेसाल्टचे थर झिजतानाच पायऱ्या पडतात. पायरी फक्त खडकात असून वरचा गाळ सपाट असेल, तर ती झीज असू शकते. जुन्या नाल्याची कडही अशीच फसवते. खालच्या थरात 60, वरच्यात 20 सेंमी असा फरक शेजारच्या ओळींवरही मिळाला, तरच वारंवार हालचाल झाली असं म्हणायला आधार.

भरती-ओहोटीमुळे खोलीत पडणाऱ्या फरकाची दुरुस्ती दर 5 मिनिटांच्या पाणीपातळीच्या नोंदीवरून करा. इथे पाणी तासाला मीटरभर चढू शकतं. एका ओळीत त्यामुळे पायरी पडत नाही, पण छेदणाऱ्या ओळी जुळेनाशा होतात.

खाडी_कोअर
वय कळल्याशिवाय ‘सक्रिय’ शब्द वापरूच नये. जपानच्या बेप्पू उपसागरात सुमारे 7,300 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय राखेचा थर खुणेला मिळतो. आपल्याकडे शंख-शिंपले आणि तिवरांची मुळं यांचं कार्बन वय काढावं लागतं. पायरीच्या दोन्ही बाजूंना व्हायब्रोकोअर (थरथरणारी नळी गाळात घुसवून काढलेला नमुना) घ्या. दोन्ही झडपा जुळलेलेच शिंपले निवडा, सुटे वाहून आलेले असतात. समुद्राच्या पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे शिंपल्यांचं वय जास्त येतं, त्याची दुरुस्ती लागते.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: नळी 5 मीटर गेली आणि नमुना 4.2 मीटर आला, तर 80 सेंमी दबले किंवा निसटले. तुमची पायरीच 60 सेंमीची! नळी थांबल्यावर लगेच आतली आणि बाहेरची पातळी मोजा.

या पट्ट्याचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यातच येतो. ओळींचा नकाशा घेऊन आधी वन खात्याकडे जा, होडी त्यानंतर ठरवा.