टोकनच्या लिस्टिंगसाठी एक्सचेंजकडे अर्ज करताना नेमके काय तपासले जाते?

प्रश्न : गोदाकाठ, नाशिक

शीतगृहांतील तापमानाच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवणारी एक सेवा आम्ही चालवतो आणि तिचे शुल्क भरण्यासाठी इथेरियम या ब्लॉकचेनवर ईआरसी-20 या प्रमाण साच्याचे टोकन (डिजिटल नाणे) तयार केले आहे. आता ते एखाद्या एक्सचेंजवर, म्हणजे टोकनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, आणावे (त्याचे लिस्टिंग करावे) असा विचार आहे. अर्जात कोडच्या ऑडिटचा (सुरक्षा-तपासणीचा) अहवाल, टोकनचे वाटप आणि कायदेशीर अभिप्राय मागितलेला दिसतो. पण त्यातल्या कशाला खरे वजन असते, हे जाणकारांनी सांगावे. टेलिग्रामवर एका गृहस्थांनी आपण मोठ्या एक्सचेंजचे प्रतिनिधी असल्याचे सांगून आगाऊ रक्कम यूएसडीटी या डॉलरच्या भावाशी बांधलेल्या टोकनमध्ये मागितली आहे. त्यांचे काय करावे?

उत्तर : आज्ञावली

त्या गृहस्थांशी बोलणे आजच थांबवा. मोठी एक्सचेंजे आपल्याच संकेतस्थळावरून अर्ज घेतात. कॉइनबेस अर्जासाठी शुल्क घेत नसल्याचे जाहीरपणे सांगते, तर बायनान्सने ऑक्टोबर 2018 मध्ये लिस्टिंगचे सर्व शुल्क धर्मादाय कामासाठी देण्याची घोषणा केली होती. अनोळखी वॉलेटवर आगाऊ पैसे मागणारा माणूस यांपैकी कोणत्याच व्यवस्थेत बसत नाही.

अर्जात माझ्या मते सर्वांत वजनदार गोष्ट म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे टोकन चालवणाऱ्या ब्लॉकचेनवरील कोडवर, कोणाचा ताबा आहे, ही. इथेरियमवरील नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर सोर्स कोड पडताळून प्रसिद्ध केलेला असावा, हे तर झालेच. पण तपासणारा माणूस प्रथम नवीन टोकन छापण्याचा, व्यवहार थांबवण्याचा किंवा एखादा पत्ता गोठवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि प्रॉक्सीच्या (मागचा कोड बदलू देणाऱ्या मध्यस्थ कॉन्ट्रॅक्टच्या) आडून उद्या सगळा कोडच बदलता येईल का, हे पाहतो. हे सर्व अधिकार एकाच वॉलेटच्या एका खासगी किल्लीवर (गुप्त सांकेतिक संख्येवर) असतील, तर ऑडिटचा अहवाल कितीही स्वच्छ असला तरी त्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण ती किल्ली चोरीला गेली की एक्सचेंजच्या ग्राहकांचेही नुकसान होते. शिवाय ऑडिट झालेला कोड आणि प्रत्यक्ष तैनात केलेला कोड एकच आहे, हे दाखवता आले पाहिजे. अहवालानंतर ‘किरकोळ’ दुरुस्ती करणारे बरेच जण इथेच अडकतात. वाटपाचे कोष्टकही ब्लॉकचेनवरील शिल्लकींशी जुळावे, कारण ते पडताळायला कोणालाही पाच मिनिटे पुरतात.

उत्तर : हिशेबनीस, पुणे

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तांची सेवा देणारे व्यवसाय मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले आणि एक्सचेंजांना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागू लागली. भारतीय एक्सचेंज निवडताना ही नोंदणी पाहावीच. मात्र त्या अधिसूचनेत टोकन जारी करण्याच्या व विकण्याच्या प्रक्रियेशी संबंधित वित्तीय सेवांचाही उल्लेख असल्यामुळे, आपली कंपनी स्वतः त्या कक्षेत येते का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. कायदेशीर अभिप्राय म्हणून एक्सचेंजला साधारण असाच मुद्द्याला धरून दिलेला कागद हवा असतो. कराच्या बाबतीत, 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर आणि व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आणला. खरेदीची किंमत सोडून इतर खर्च वजा होत नाही, तोटाही पुढे ओढता येत नाही. चमूतील सदस्यांना टोकन देण्यापूर्वीच हा हिशेब करून ठेवावा.

उत्तर : तरलतेचा अभ्यासक

वरील दोघांशी सहमत आहे, पण लिस्टिंगनंतर काय होते हेही पाहावे. युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित एक्सचेंजवर अर्जच लागत नाही, कोणीही पूल, म्हणजे अदलाबदलीसाठी दोन टोकनांचा एकत्र साठा, उघडू शकतो. मात्र दोन्ही बाजूंना प्रत्येकी 10,000 डॉलर मूल्याचा साधा पूल असेल, तर 1,000 डॉलरच्या एकाच खरेदीने भाव सुमारे 21 टक्के वर जातो. एवढ्या उथळ बाजाराकडे पाहून केंद्रीकृत एक्सचेंज मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारी संस्था, आणण्याचा आग्रह धरते. तो करार करताना ‘दररोज इतकी उलाढाल दाखवून देऊ’ असे आश्वासन मिळाले, तर तिथूनच उठावे. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेत गॉटबिटसह काही मार्केट मेकरांवर खोट्या उलाढालीचे आरोप ठेवले गेले, आणि त्या तपासासाठी एफबीआयने नेक्सफंडएआय नावाचे स्वतःचे टोकनच तयार केले होते! विक्री-खरेदीच्या भावांतील कमाल अंतर आणि ऑर्डर बुकमधील (खरेदी-विक्रीच्या प्रलंबित मागण्यांच्या यादीतील) किमान खोली, या दोनच अटी करारात मागाव्यात.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. टेलिग्रामवरील संभाषण बंद केले आहे. छापण्याचा अधिकार सध्या संस्थापकांपैकी एकाच्या वॉलेटवर आहे. तो बदलण्यासाठी टोकन नव्याने काढावे लागेल का?

आज्ञावली

ओपनझेपेलिन या तयार कोडसंचातील ‘ओनेबल’ (मालकाचे अधिकार एका पत्त्याकडे ठेवणारे कॉन्ट्रॅक्ट) वापरले असेल, तर नाही. पाच जणांपैकी तिघांच्या सह्या लागणारे मल्टिसिग वॉलेट तयार करून मालकी त्या पत्त्यावर हस्तांतरित करा. मात्र आधी टेस्टनेटवर (चाचणीसाठीच्या ब्लॉकचेनवर) सराव करा, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेली मालकी परत मिळत नाही. त्या हस्तांतरणाच्या व्यवहाराचा दुवा अर्जातच जोडा.