बेटकास्टरवर 8 पौंडी तंगूस: बासचं गणित जिताड्याला लावू नका

खाडीकाठ:
काल एकाने ठोकून दिलं: "बेटकास्टरवर 6 ते 8 पौंडी मोनो भरा. जेवढी बारीक तेवढी लांब जाते. अमेरिकेतले बासवाले हेच करतात." खाली वाहवा. वाचून राहवलं नाही, म्हणून हे लांबण. (नवख्यांसाठी: बेटकास्टर म्हणजे फेकताना दोरीची फिरकीच फिरते ते रीळ, मोनो म्हणजे एकपदरी नायलॉन, आपला तंगूस, आणि पौंड म्हणजे तो किती ओढीला तुटतो तो आकडा.)

एक तर बासवाले असं करत नाहीत. 6-8 पौंड ते स्पिनिंगच्या रिळावर भरतात. बेटकास्टरवर त्यांची मोनो साधारण 12 ते 17 पौंडांची, दाट झाडोरा असेल तर 20. शिवाय त्यांचा मासा, बास, गोड्या पाण्यातला. आपल्यासमोर खाडीतला जिताडा, कालवांनी मढलेले जेटीचे खांब आणि कांदळवनाची मुळं.

बारीक तंगूस बेटकास्टरवर नडतो त्याचं कारण यंत्रातच आहे. स्पिनिंगचं स्पूल, म्हणजे दोरीची फिरकी, जागेवर उभं असतं, वेढे नुसते सुटत जातात. बेटकास्टरचं स्पूल ल्यूरने (नकली आमिषाने) ओढून फिरवायचं असतं. ल्यूर हवेत मंदावला आणि स्पूल पळतच राहिलं की गुंता. 5 ग्रॅमचा ल्यूर आणि दुपारचा खारा वारा तोंडावर, म्हणजे गुंता ठरलेला. पण खरी खोड याच्याही पुढची. अडकलेली गरी ओढताना बारीक तंगूस खालच्या वेढ्यांत रुततो. पुढच्या फेकीला 15 मीटरवर हिसका बसतो आणि ल्यूर एकटाच पैलतीरी. 0.30 मिमीच्या खाली गेलात की हे दुखणं सुरू.

आता ड्रॅग, म्हणजे ज्या ओढीला रीळ दोरी सोडू लागतं ती. 8 पौंड म्हणजे 3.6 किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवायचा, म्हणजे 0.9 ते 1.2 किलो. 4 किलोचा जिताडा मुळांकडे वळला तर एवढ्या ओढीने तो थांबतो का? सैल ठेवलं तर मुळांत गेला, आवळलं तर गाठीत तुटलं.

भांगाची भरती:
व्याख्यान छान. फक्त तुमच्या खाडीत रोज उधाण असतं आणि प्रत्येक मासा 4 किलोचा असतो असं दिसतंय.

भांगाला, म्हणजे अष्टमीच्या बारक्या भरतीला, पाणी निवळतं. तेव्हा वाळूच्या उघड्या पट्ट्यात 20 पौंडी दोरखंड टाकून छोटी तांबोशी तोंड लावत नाही. तिथे 10 पौंड बरोबर. मोनो ताणली की पाचवा हिस्सा सहज लांबते, म्हणून छोट्या तिगरीचे (तीनकाट्या गरीचे) काटे तोंडातून उपसून येत नाहीत. ब्रेडेडला (विणलेल्या दोरीला) ती लवचीकता नाही. आणि गुंता झालाच तर मोनोचा नखाने सुटतो. ब्रेडेडचा? कात्री.

रुतण्याचं म्हणाल तर तो भरण्यातला दोष. दुकानातली तंगसाची चकती पेन्सिलीवर ओवून फिरू द्यायची, रिळात जाणारी दोरी ओल्या फडक्यात चिमटीने घट्ट धरायची. सैल भरलेलं 14 पौंडीही रुततं. गरी अडकून जोराने ओढावं लागलं तर सोडवल्यावर 20 मीटर बाहेर काढून पुन्हा ताणून गुंडाळायचं. दोन मिनिटांचं काम.

खाडीकाठ:
आणि ती दोन मिनिटं भरती तुमच्यासाठी थांबते वाटतं.

काळुंदर:
माका एक सांगा, ह्यो पौंड मोजल्यान कोणी? डबीर काय्येक छापतत.

(आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.) तुम्ही दोघं 8 की 10 यावर भांडताय, पण स्पूलला पौंड कळत नाही, जाडी कळते. रुतणं, किती मीटर मावणं, वाऱ्यात फुगणं, सगळं मिमीवर. जपानी डब्यांवर नंबर असतो: नायलॉनचा 2 नंबर 0.235 मिमी, 3 नंबर 0.285, 4 नंबर 0.330. हा 3 नंबर तिथे साधारण 12 पौंडी म्हणून विकला जातो. अमेरिकन डबीवर तेवढ्याच जाडीला 10 पौंड लिहिलेलं असतं. आणि रस्त्यावरच्या स्वस्त चकतीवर "10 पौंड" वाचून व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा, 0.38 निघालं तरी दचकू नका. म्हणजे तुमच्यापैकी एक जण 10 म्हणतो आणि दुसरा 12 समजतो, पण हातात धागा एकच.

रेवदंडा_ओहोटी:
काळुंदर म्हणतात ते अर्धंच. डबीवरचा "टेस्ट" आकडा म्हणजे निदान एवढ्यापर्यंत तुटणार नाही, बहुतेक वेळा तुटतो त्याच्या वरच. "क्लास" लिहिलं असेल तर उलट: आयजीएफए या मासेमारीचे विक्रम नोंदणाऱ्या संस्थेच्या नियमात दोरी ओली करून मोजतात आणि ती ठरलेल्या आकड्याच्या आत तुटायलाच हवी, तरच विक्रम धरतात. 8 पौंडांचा वर्ग म्हणजे 4 किलो. नायलॉन पाणी पितं, भिजल्यावर ताकद 10-15 टक्के उतरते. वर गाठ कोरडीच आवळली तर घर्षणाने तिथेच जळते. थुंकी लावून आवळा. हे न करता आकड्यांवरून वाद घालणं म्हणजे पाऊस मोजायला सूप घेऊन बसणं.

भांगाची भरती:
म्हणजे माझं 10 पौंड बरोबर निघालं. 0.28 लिहायला हवं होतं, एवढंच.

काळुंदर:
नाही. तुमचं 10 पौंड कुठल्या डबीचं, ते सांगितल्याशिवाय बरोबरही नाही आणि चूकही नाही.

रेवदंडा_ओहोटी:
आणि तो काढलेला तंगूस कांदळवनात टाकून जाणारे कोण? बगळ्याच्या पायात गुंतवळ दिसली की कपाळात तिडीक जाते. 10-10 सेंटीमीटरचे तुकडे करा, खिशात घाला, घरी न्या. विषय सोडून बोलतोय, माहीत आहे.

खाडीकाठ:
विषय सोडूनच बोलताय, पण खरं बोललात.

आता मिमी तर मिमी. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, तांबोशीला सुळे. 0.28 त्यांच्यापुढे टिकत नाही. लीडर, म्हणजे गरीजवळचा जाड तुकडा, लागणारच: 40 पौंडी, 60-70 सेंटीमीटर. 0.28 ला 40 पौंडी जोडायचं तर जाडीत जवळपास दुपटीचा फरक. डबल युनी गाठ त्यात बेढब होते आणि रॉडच्या कड्यांत खटकते, अल्ब्राइट गाठ बरी. तेवढा उपद्व्याप करायचा तर पीई (ब्रेडेड) 2 नंबर का नको? जाडी जवळपास नायलॉनच्या 2 नंबरएवढीच, ताकद तिपटीहून जास्त.

भांगाची भरती:
कारण पीई कालवाला नुसती घासली तरी गेली. त्याच ताकदीचा जाड तंगूस ओरखडा सोसतो. जेटीवर ब्रेडेड सांगणाऱ्याने खांब पाहिलेत का?

काळुंदर:
दोघंही रॉड विसरलात. त्यावर 12-25 पौंड लिहिलं असेल तर तो ताठ आहे, 0.23 मिमीचा धागा फेकताना नाही, गरी मारतानाच तुटेल. शिवाय साधं बेटकास्टर 7 ग्रॅमच्या खाली नीट चालत नाही. त्याहून हलकं टाकायचं तर बीएफएसचं (हलक्या ल्यूरसाठीच्या खास बेटकास्टरचं) उथळ, हलकं स्पूल लागतं, नाहीतर सरळ स्पिनिंग. खोल स्पूल असेल तर खाली 60-70 मीटर जुना जाड तंगूस, वर 70 मीटर नवा, आणि कडेपासून 3 मिमी जागा मोकळी. बटण दाबल्यावर ल्यूर सावकाश उतरावा आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावं, इथपर्यंत बाजूचा स्क्रू आवळा. ब्रेक आधी पुरते लावा, मग एकेक कमी करा. वारा तोंडावर असेल तर कमी करूच नका.

खाडीकाठ:
बरं. भांगाला, उघड्या वाळूवर, 7 ग्रॅमच्या वर, मऊ रॉडवर, नीट भरलेल्या 0.28 ला हरकत नाही. एवढ्या अटी मूळ महाशयांनी लिहिल्या असत्या तर माझी सकाळ वाचली असती.

भांगाची भरती:
हरकत नाही म्हणालात, पुरे. 8 पौंडाची बाजू मीही घेतली नव्हती, पुन्हा वाचा.

रेवदंडा_ओहोटी:
घरी आल्यावर स्पूल गोड्या पाण्यात बुडवा. मिठाने तंगूस राठ होतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेली चकती घेऊ नका, ती आधीच गेलेली असते.

काळुंदर:
आणि व्हर्नियर सोबत न्या. दुकानदार रागावला तर दुसरं दुकान.