ट्यूबशीट आणि बॉडी फ्लँज: फोर्जिंग घ्यावे की जाड प्लेट कापून करावे?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे लहान फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. आजवरचे बहुतेक काम टाक्यांचे आणि साखर कारखान्यांच्या दुरुस्तीचे. सध्या मात्र चिंचोळी एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यासाठी एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ या दाबपात्रांच्या अमेरिकन कोडनुसार शेल-अँड-ट्यूब कूलर (दंडगोल कवचात, म्हणजे शेलमध्ये, नळ्यांचा जुडगा असलेला) करून द्यायचा आहे. शेलचा व्यास ७०० मिमी, जाडी १० मिमी आणि डिझाइन दाब १५ किलो प्रति चौ. सेंमी आहे.

शेलसाठी एसए-५१६ ग्रेड ७० ची प्लेट वळवणार आहोत, नोझलचे फ्लँज एसए-१०५ चे तयार मिळतात. तेथे प्रश्न नाही. अडचण आहे ती शेलला टोकाला टोक लावून (बट) वेल्ड होणारा हब, म्हणजे पुढे आलेला गळा, असलेल्या ट्यूबशीटची (नळ्यांची टोके बसवायच्या भोकांची जाड तबकडी) आणि हबवाल्या दोन बॉडी फ्लँजची (शेलच्या टोकाच्या बोल्ट लावायच्या रिंगा). इतक्या थोड्या नगांना फोर्जिंगवाले (तापलेले पोलाद ठोकून-दाबून आकार देणारे) दाद देत नाहीत आणि दिलीच तर मुदत लांबची सांगतात. उलट ९० मिमीची प्लेट लगेच मिळते, गॅसने गोल कापून टर्निंग केले की काम झाले. ग्राहकाच्या खरेदी विभागाचे म्हणणे असे, की एसए-१०५ या फोर्जिंगच्या पोलादाचे यील्ड (ज्या ताणाला आकार कायमचा बदलू लागतो तो) किमान २५० एमपीए आणि प्लेटचे २६०, ताणशक्ती दोन्हींची किमान ४८५. मग फोर्जिंगचा जादा खर्च कशासाठी? हा युक्तिवाद कोठे चुकतो, आणि चुकत असल्यास प्लेटमधून काही मार्ग निघतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आकडे बरोबर आहेत, पण ते कोणत्या दिशेचे आहेत हे खरेदी विभागाने पाहिलेले दिसत नाही. प्लेटचा टेन्साइल नमुना तिच्या पृष्ठभागाला समांतर कापतात. जाडीच्या दिशेने पोलाद किती ताण सोसेल, हे नेहमीच्या मिल टेस्ट सर्टिफिकेटवर नसते. रोलिंगमध्ये मॅंगनीज सल्फाइडचे कण चेपून प्लेटच्या पातळीत पसरतात. आपण ९० मिमीच्या प्लेटमधून हब कोरून काढला, तर शेलची अक्षीय ओढ नेमकी या थरांना आडवी येते आणि वेल्ड थंड होताना आकसला तरी तेथे पदर सुटू शकतो. यालाच लॅमेलर टेअरिंग म्हणतात. फोर्जिंगमध्ये हबच्या आकारानुसार धातूचा प्रवाह वळवता येतो. पैसे त्याचे आहेत.

म्हणूनच कोडने येथे मोकळीक ठेवलेली नाही. हबवाला फ्लँज प्लेटमधून थेट कोरता येत नाही. परिशिष्ट २ नुसार प्लेटची पट्टी कापून तिची रिंग वळवता येते, मात्र प्लेटचे मूळ पृष्ठभाग फ्लँजच्या अक्षाला समांतर राहिले पाहिजेत, जोड पूर्ण भेदनाचा (सबंध जाडीत वेल्ड भरलेला) हवा, आणि फ्लँजची मागची बाजू व हबचा बाहेरचा पृष्ठभाग मॅग्नेटिक पार्टिकल किंवा डाय पेनिट्रंट या भेगा शोधणाऱ्या चाचणीने तपासावा लागतो. एवढ्या जाडीची पट्टी वळवायला कोण तयार होते, ते आधी पाहा. ट्यूबशीटच्या हबसाठी परिशिष्ट २० मध्ये प्लेटची वाट आहे, पण जाडीच्या दिशेचे गुणधर्म सिद्ध करावे लागतात आणि त्या प्रतीची प्लेट बाजारात सहज मिळत नाही.

माझे मत विचाराल तर बॉडी फ्लँज फोर्जिंगचेच घ्यावेत. ट्यूबशीट मात्र डिझायनरला विचारून हबशिवाय सपाट करता येते का ते पाहावे. तसे झाल्यास प्लेट चालेल, फक्त कापण्यापूर्वी तिची अल्ट्रासोनिक तपासणी आणि शेलच्या जोडाजवळच्या कडेची डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्यावी. आणि फोर्जिंग म्हटले की डोळे मिटून विश्वास नको: राउंड बारचा तुकडा खरादून फोर्जिंगच्या नावाने विकणारेही भेटतात. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) नगावर ठोकलेल्या नंबराशी जुळवून पाहा आणि नगाचीही अल्ट्रासोनिक तपासणी मागा.

धागाकर्ता:

आभारी आहे. दिशेचा मुद्दा आता खरेदी विभागाला ड्रॉइंगवर बाण काढून दाखवता येईल. डिझायनरकडे सपाट ट्यूबशीटची गणिते मागितली आहेत. एक शंका उरते: शीट सपाट केल्यावर शेलचा जोड कोपऱ्याचा होतो, तेव्हा आकसण्याची ओढ कमी ठेवण्यासाठी शीटवर आधी वेल्डचा थर चढवून घेण्याचा कोणाला अनुभव असल्यास, आणि इन्स्पेक्टरने त्यासाठी वेगळी प्रोसिजर मागितली असल्यास, कृपया येथे लिहावे.